सकाळच्या बसचं भाषण

आमच्या गावची सकाळची बस बंद झाली, तेव्हा कुणी ओरडलं नाही. पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून ती थांबली होती. रस्ता दुरुस्त झाला, बस आली नाही. आगारात विचारलं तर म्हणाले, प्रवासीच नाहीत. ते अगदी खोटंही नव्हतं. बाप्या माणसांकडे मोटारसायकली आल्या होत्या, कॉलेजची पोरं एका गाडीवर तिघं बसून निघून जायची. बसमध्ये उरल्या होत्या त्या फक्त मुली, आणि पासवर जाणाऱ्या मुलींना प्रवासी म्हणायला कुणी तयार नव्हतं.

गाव नवेगाव बांधच्या बाजूचं. एकीकडे धानाच्या बांध्या, दुसरीकडे जंगल. मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत पोचायचं तर त्या जंगलातून चालावं लागतं. अस्वल दिसलं तर आमच्याकडे ती बातमी होत नाही, बिबट दिसला तर संध्याकाळपर्यंत होते. त्यामुळे एखाद्या बापाने पोरीला पायी सोडायला नकार दिला तर त्याच्याशी काय भांडणार? दिवाळीनंतर एकेक मुलगी घरी बसायला लागली.

त्यांतली एक अकरावीत होती. तिच्या घरात दहावी ओलांडणारी ती पहिली. वडील थोडे धान पिकवतात, उरलेल्या दिवसांत जंगलाच्या कामावर जातात. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, बस सुरू झाली तर जा, नाही झाली तर कॉलेजातून नाव काढून आणतो. म्हणून जेव्हा कळलं की तहसीलचे, शिक्षणाचे आणि आगाराचे साहेब एकाच दिवशी गावात येऊन लोकांच्या अडचणी ऐकणार आहेत, तेव्हा बसबद्दल बोलायला तीच उभी राहील असं आमच्या रविवारच्या वर्गात ठरलं.

हा वर्ग मी चालवते. गोंदियात पदवी घेऊन परत आले तेव्हा समाजमंदिरात सुरू केला. शिकवणी नाही, पैसे नाहीत. मुली येतात, आम्ही काहीतरी वाचतो आणि त्यावर बोलतो. बोलावं, अशी माझी इच्छा असते.

ही इच्छा मला घरातून मिळाली. आई बिड्या वळायची, बाबा बिडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची, खिडकीच्या फटीत कोंबलेला कागद पत्रकाचा, आणि अक्षरं मी शिकले ती ‘कामगार भगिनींनो’ या मथळ्यावर बोट ठेवून. बाबांची एक रीत होती. पत्रक छापखान्यात नेण्याआधी ते बायांना वाचून दाखवायचं. बाया बिड्या मोजून द्यायला रांगेत बसलेल्या असायच्या. बाबा कागद धरून सुरू करायचे आणि दुसऱ्याच ओळीला कुणीतरी त्यांना तोडायची. असं नाही भाऊ, आधी तेंदूचा सडका पाला देतात आणि मग खराब म्हणून आमच्याच बिड्या छाटतात, तसं लिहा. बाबा तिथल्या तिथे ओळ खोडायचे. एकदा एका म्हातारीने सगळं पत्रकच परत लिहायला लावलं, कारण त्यात शोषण हा शब्द चार ठिकाणी होता आणि पाल्याचं नाव कुठेच नव्हतं. त्या बायांपैकी बहुतेकींना वाचता येत नव्हतं. पण बाबांनी एक ओळ चुकवली तर त्या पकडायच्या.

माझ्या वर्गात मला कुणी कधी तोडलं नाही.

सुरुवातीला मी खूश होते. मी वाचायची, मुली शांत असायच्या. एखादं पान आवडलं असेल तर त्या त्याचा फोटो काढून घ्यायच्या, नंतर वाचतो म्हणायच्या. खूप दिवस मला वाटत होतं की ही शांतता म्हणजे ऐकणं आहे. मग एका रविवारी मला काय सुचलं कोण जाणे, जमिनीच्या कायद्याबद्दल एक लेख वाचता वाचता मी त्याच आवाजात, न थांबता म्हटलं, आणि काल आपल्या गावच्या तलावात एक मोठं जहाज आलं. कुणी मान वर केली नाही. मी थांबले. तेव्हा एक जण खालीच पाहत म्हणाली, “हो ताई.”

मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. माझ्या समोर डझनभर मुली बसल्या होत्या. हुशार, घरची कामं उरकून आलेल्या, रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहून पाठ मोडून घेणाऱ्या. आणि मी त्यांच्या गावाच्या तलावात जहाज आणून ठेवलं तरी त्यांना पत्ता नव्हता. प्रत्येकीच्या ओढणीखाली मांडीवर उजेड होता.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या दोघी एकमेकींना मेसेज करत होत्या. गुडघ्याला गुडघा लागून बसल्या होत्या, तरी. तोंडाने का बोलत नाही असं विचारलं तर एक म्हणाली, तोंडाने बोललं की सगळ्यांना ऐकू जातं. कॉलेजबद्दल विचारलं तर कळलं की गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे आणि ग्रुपवर रोज एक लिंक येते. लिंक आली की धडा शिकवून झाला असं धरतात. मुली लिंक उघडतात, खाली अंगठा दाबतात, म्हणजे धडा शिकून झाला. शिक्षक नाही, फळा नाही, कुणाला प्रश्न विचारायचा ते माहीत नाही, आणि कागदोपत्री सगळं नीट चालू आहे.

माझा राग मुलींवर नव्हता, आजही नाही. ज्यांनी या मुलींना शिक्षक दिला नाही, वाचनालय दिलं नाही, साधी बस दिली नाही, त्या सगळ्यांनी मिळून एक फोन दिला आणि हात झटकले. पूर्वी जत्रेत रडणाऱ्या पोराच्या हातात पिपाणी देत, तसं. पोर गप्प झालं की ते शहाणं झालं असं समजायचं.

भाषणाची गोष्ट निघाली तेव्हा मुली म्हणाल्या, ताई, तुम्हीच लिहून द्या. मी नाही म्हटलं. बसमध्ये बसायच्या त्या, जंगलाची भीती त्यांची, कॉलेज सुटणार त्यांचं, मग शब्द माझे कशाला? बसबद्दल एक पत्रक मात्र मी लिहिलं आणि ते छापायला गोंदियाला गेले. छापखानेवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. “बहनजी, अब परचा कौन पढ़ता है? पीडीएफ बना देता हूँ, ग्रुप में डाल दो.” मी त्याला म्हटलं, छापा. गठ्ठा घेऊन परतले ते थेट कार्यक्रमाच्या सकाळीच. भाषण तयार आहे, एवढा निरोप आला होता.

ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. समोर टेबल, टेबलामागे साहेब, बाजूला सरपंचबाई. बाया सतरंजीवर, माणसं मागे उभी. धान घरात आल्यामुळे माणसं रिकामी होती आणि गर्दी बरी होती. मी सतरंजीवर, त्या मुलीच्या मैत्रिणीच्या मागे जागा धरली. दोघी एकाच वर्गातल्या, अगदी घट्ट. मैत्रिणीच्या मांडीवर फोन होता. ते नेहमीचंच म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

ती मुलगी भाषणाला उभी राहिली. रोज दोन घट्ट वेण्या घालणारी, त्या दिवशी केस मोकळे सोडून आली होती. मला वाटलं, फोटोसाठी असेल.

“आदरणीय व्यासपीठ आणि येथे जमलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,” तिने सुरू केलं आणि मी चकित झाले. स्वच्छ आवाज, कुठे अडखळणं नाही. आमच्या झाडीबोलीचा एक शब्द नाही. रेडिओवर बोलतात तशी मराठी. माणसं टाळ्या वाजवायला लागली. सरपंचबाईंनी साहेबांकडे अभिमानाने पाहिलं. मी तर बाबांना हे कसं सांगायचं याचा विचार करायला लागले होते.

मग ती म्हणाली, “खळखळणारी नदी ओलांडून, डोंगरदऱ्या तुडवत आमची चिमुकली पावले शाळेकडे धाव घेतात.”

आमच्या गावाला नदी नाही. तलाव आहे, नाला आहे. डोंगर पाहायचा तर आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडे जावं लागतं. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, “नदी कधी आली बे गावात?” आणि माणसांमध्ये हशा पिकला.

आगाराचे साहेब मात्र हसले नाहीत. हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ते पुढे सरकून बसले, खिशातला पेन काढला आणि विचारलं, “बेटा, एक मिनिट. बस नेमकी किती वाजता पाहिजे?”

ती म्हणाली, “शिक्षण हा विकासाचा पाया आहे.”

साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी आवाज चढवून विचारलं, कॉलेज किती वाजता भरतं. ती म्हणाली, “म्हणूनच मायबाप शासनाला आमची नम्र विनंती आहे.” ती सरळ त्यांच्याकडे पाहत होती. त्यांचे ओठ हलताना तिला दिसत असणार. तरी ती बोलतच राहिली, त्याच लयीत, त्याच गोड आवाजात. माणूस झोपेत बोलतो तेव्हा घरचे जसे घाबरून पाहतात तसे सगळे तिच्याकडे पाहत होते. मला खरंच वाटलं, पोरीला काहीतरी झालंय.

सरपंचबाईंनी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती थांबली. दचकून तिने माझ्या पुढे बसलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीने मांडीवरच्या फोनवर बोट दाबलं. तेव्हा कुठे मला उमगायला लागलं.

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू, लहान मुलाला विचारतात तसा. बस किती वाजता पाहिजे? त्या बसची वाट पाहत तिने दहावीचं पूर्ण वर्ष गावच्या वळणावरच्या चिंचेकडे डोळे लावून काढलं होतं. दररोज, थंडीत, पावसात. तिने पुन्हा मैत्रिणीकडे पाहिलं. आणि मैत्रीण खाली मान घालून भराभर टाइप करायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. तिने फोनला लिहिलं होतं, साहेब विचारत आहे बस किती वाजता पाहिजे, उत्तर सांग. फोनने क्षणात मोठा परिच्छेद लिहून दिला. त्याची शेवटची ओळ होती: अधिक माहितीसाठी कृपया आपल्या जवळच्या आगाराशी संपर्क साधा.

जवळचं आगार समोर खुर्चीवर बसलं होतं.

“कानात काय आहे बेटा?” साहेबांनी विचारलं.

तिने मोकळे केस बाजूला केले, कानातून ते काढलं आणि तळहातावर धरलं. पांढरं, मोहाच्या फुलाएवढं. मैत्रिणीच्या फोनमध्ये भाषण भरलेलं होतं, ते तिच्या कानात वाजत होतं आणि ती मागोमाग बोलत होती. भाषण फोननेच लिहिलं होतं, आवाजही फोनचाच.

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले, मनापासून. म्हणाले, “मोबाईलनं लिहिलं, मोबाईलनं बोलून घेतलं. छान आहे. मग बस कशाला पाहिजे? एवढं सगळं मोबाईल शिकवतो तर पोरींनी जंगलातून जायचं कशाला? घरीच शिका. सुरक्षित राहाल.”

लोक हसले. मग हसणं थांबलं आणि मागे उभी असलेली माणसं माना हलवायला लागली. खरंच की. त्या हलणाऱ्या मानांमध्ये तिच्या वडिलांची मान होती. मी उठले, जोरात बोलले, काय बोलले ते मला आता आठवतही नाही. साहेब शांतपणे म्हणाले, ताई, मुलींचं मुलींनाच बोलू द्या. माझंच तत्त्व माझ्या तोंडावर मारलं गेलं. सरपंचबाईंनी पुढचा विषय घेतला, नळाच्या पाण्याचा. मी आणलेली पत्रकं सतरंजीच्या कडेला तशीच पडून होती आणि एक बाई त्यातल्या एकाने वारा घेत होती.

नंतर पाणवठ्याजवळ मी दोघींना गाठलं. हे सुचलं कुणाला, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मैत्रीण रडत नव्हती, तिला माझंच नवल वाटत होतं. “नाटकात नाई का राहत प्रॉम्टर? त्यायले कोनी हसते का, ताई?”

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. नट दहा गावांहून आलेले, तालीम जेमतेम झालेली. पडद्याआडून प्रॉम्प्टर ओळ देतो आणि नट ती उचलतो. पुढे बसणाऱ्याला प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. या मुलींनी लहानपणापासून तेच पाहिलं. मोठ्या माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हणजे कुणीतरी मागून ओळ द्यायची, हे त्यांना पेरणीइतकं साधं होतं. पण पडद्याआडचा माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असतो. प्रेक्षक हसले तर तो थांबतो, समोरचा नट चुकला तर सावरून घेतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मी बी पाहून राहिली होती, ताई. पन फोन थांबवाव का नाई, ते मले समजलंच नाई.”

पुढच्या रविवारी भाषण करणारी ती मुलगी वर्गाला आली नाही. मी तिच्या घरी गेले.

दुपार होती. वडील अंगणात बांबूच्या कमट्या काढत बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी सांगितलं की सोमवारी जाऊन ते नाव काढून आणणार आहेत, आता काळजी नाही, साहेबांनीच रस्ता दाखवला. आणि आपला स्वतःचा फोन त्यांनी पोरीला देऊन टाकला होता. जंगलात कामावर जाणारा माणूस, तिथे काही झालं तर हाक मारायला तेवढाच आधार, तोही त्याने पोरीच्या शिक्षणासाठी घरी ठेवला होता. “कॉलेज घरीच आलं, ताई,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांच्याकडे पाहवेना.

ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून धडे पाहत होती. आज काय शिकलीस असं मी विचारलं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि फोनवर मागे जाऊन शोधायला लागली की आपण काय पाहिलं. मग तिनेच हात थांबवला. माझ्याइतकीच तीही हादरली होती. “पाहताना सगळं समजते ताई. बंद केलं का जाते.”

मी फोन तिच्या हातातून घेतला नाही. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि साहेबांचा प्रश्न तिला विचारला. बस किती वाजता पाहिजे?

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेर कमटी चिरल्याचा आवाज येत होता. मी वाट पाहत राहिले. मला मधे बोलायची सवय आहे, त्या दिवशी दात आवळून बसले होते.

“साडेसहाले गावातून निघाली पाहिजे,” ती म्हणाली. “साडेसातले कॉलेज भरते.” मग थोडं थांबून म्हणाली की खरं तर नवी बस सोडायचीसुद्धा गरज नाही. पुढच्या गावात एक मुक्कामी बस राहते, रात्री जाते आणि पहाटे तिथूनच निघते. ती रोज आमच्या फाट्यावरून रिकामी जाते. ती जर फाट्यावरून आत वळली आणि आम्हाला घेऊन गेली तर काम होतं. पूर्वीच्या ड्रायव्हरनेच हे तिला सांगितलं होतं. मग ती बोलायलाच लागली. मागच्या बाकावर बसून त्या गणितं सोडवायच्या. एकीला अडलं तर दुसरी सांगायची, दुसरीला अडलं तर बारावीतली एक वळून सांगायची. कंडक्टरसुद्धा कधीकधी सुट्या पैशांचा हिशेब त्यांच्याकडून करून घ्यायचा. दहावीतही गणिताला शिक्षक नव्हता, तरी ती कशी पास झाली, ते मला त्या दुपारी कळलं.

कमटीचा आवाज बंद झाला होता. वडील दारात उभे होते.

“मुक्कामाची गाडी फाट्यावरून जाते? रोज?”

“रोज जाते, बाबा.”

“हे त्या दिवशी साहेबाले काऊन नाई सांगतलं?”

“माह्या कानात भाषन चालू होतं. मले साहेबाचा आवाजच नाई आला.”

“अन् मले? मी तं घरीच राहतो.”

ती खाली पाहत म्हणाली, “तुमी विचारलंच नाई.”

त्यांनी कोयता दाराशी ठेवला, माठातलं पाणी प्यायले. मग मला म्हणाले, “ताई, आगारात जाऊ आपून. इले बोलू द्या. आपून दोघं गप्प राहू.” हे शेवटचं मला उद्देशून होतं, ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी आगारात गेलो तेव्हा साहेब टेबलाशी होते आणि त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. आम्ही दारात दिसलो तसं त्यांनी आत यायची खूण केली आणि वर न पाहता म्हणाले, बोला. ती बोलली नाही. बोला ना, मी ऐकतोय, ते म्हणाले. अंगठा स्क्रीनवर सरकतच होता. मला राहवेना. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले.

“होऊ द्या तुमचं, साहेब,” ती म्हणाली. “आमी उभे हाओ.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. साहेबांनी मान वर केली. तिला ओळखलं, तिच्या कानांकडे पाहिलं. त्या दिवशी दोन वेण्या होत्या. त्यांनी फोन पालथा घालून बाजूला सारला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती मुली, कोणत्या वर्गात, आतल्या रस्त्यावर बस वळवायला जागा कुठे. ती एकेक उत्तर देत गेली, आमच्याच बोलीत. जिथे वळायचं ती जागा सांगताना तिने टेबलावरच बोटाने रस्ता काढून दाखवला. एका प्रश्नाला म्हणाली, हे माहीत नाही, विचारून सांगते. मी तिच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले. फोन कधी ‘माहीत नाही’ म्हणत नाही.

शेवटी साहेब म्हणाले की पुढच्या सोमवारपासून आठवडाभर मुक्कामी बस आत पाठवून पाहतो. थांब्यावर मुली दिसल्या तर पुढे चालू, नाही दिसल्या तर कायमची बंद, मग माझ्याकडे यायचं नाही. वडिलांनी नाव काढायचं पुढे ढकललं.

त्या सोमवारी मी अंधार फिटायच्या आत थांब्यावर गेले. तलावावरून धुकं सरकत आलं होतं, हातातल्या पत्रकांचा कागद ओला लागत होता. ती आली, तिची मैत्रीण आली, बारावीतली एक आली. बाकी कुणी नाही. बातमी तिने आगारातून परतल्या दिवशीच ग्रुपवर टाकली होती आणि एकूणएक मुलीचा अंगठा आला होता. तिने मला ते अंगठे उघडून दाखवले. पिवळे, एकाखाली एक.

बस वेळेवर आली. ड्रायव्हर नवा होता. त्याने दिव्याच्या उजेडात आम्हाला मोजलं आणि विचारलं, एवढ्याच का? तिने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा जमिनीवरच ठेवला आणि मैत्रिणीला मुलींना उठवायला पिटाळलं. स्वतः तिथूनच हाका मारायला लागली, एकेकीच्या घराकडे तोंड करून, नाव घेऊन, पोटातून. मी त्या पोरीचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. कुत्री भुंकायला लागली. एक दार उघडलं आणि एक मुलगी कंगवा हातात घेऊन बाहेर आली. आज होती का बस, ती विचारत होती. तिने मेसेज वाचलाच नव्हता. आला म्हणून अंगठा दाबला होता.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. सगळ्या जणींनी हेच केलं होतं. ज्या बसवर त्यांचं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं ती बस येणार असल्याचं त्या सगळ्यांना कळवलं गेलं होतं, सगळ्यांनी कळलं म्हणून सांगितलं होतं, आणि कळलं कुणालाच नव्हतं.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. म्हणाला, चढायचं असेल तर चढा, मला पुढे वेळ गाठायची आहे.

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. पाय तसाच, एक वर एक खाली. “येऊन राहिल्या पोरी.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. काहीतरी पुटपुटत त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तिने पुन्हा हाक मारली, आणि धुक्यातून, दोन गल्ल्यांपलीकडून कुणीतरी ओ दिली.